पंधरा दिवसांची आठवण



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी आपल्याकडची रीत आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या बॉयलरघरात आणि त्यानंतर लेबर कोर्टाच्या बाकावर. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, ‘यंत्राची मापे किती दिवस जपून ठेवावीत’ यावर बोलतो. त्यांचा चेहरा पडला. कामगार चळवळीचा इतिहास घ्या, माथाडी कायद्यावर बोला, असे त्यांनी सुचवले. पण तुर्भ्यात माथाडींवर बोलायला आमच्याहून अधिकारी माणसे समोरच बसलेली आहेत. आम्ही आमचाच हट्ट पुरा केला. ऐकून कंटाळलात तर दोष चालकांना देऊ नका.

प्रथम बॉयलरघरातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. आम्ही कामाला लागलो तेव्हा बॉयलरच्या भिंतीवर एक गोल तबकडी असे. तिच्यावर रोज सकाळी नवा गोल कागद चढवायचा. घड्याळाच्या चालीने तो चोवीस तासांत एक फेरी पुरी करी आणि लाल शाईची निब त्याच्यावर वाफेच्या दाबाची रेघ काढीत जाई. दाब चढला की रेघ बाहेर, उतरला की आत. दुसऱ्या दिवशी कागद काढून त्यावर तारीख घालायची आणि माळ्यावरच्या खोक्यात टाकायचा. त्या खोक्याकडे कोणी बघत नसे. कॅन्टीनवाला अधूनमधून चार कागद उचलून नेई आणि त्यांत भजी बांधून देई.

एका वर्षी आमच्या एका वयस्कर फायरमनवर ठपका आला. चार महिन्यांपूर्वी एका रात्री त्याने दाब पडू दिला, म्हणून माल बिघडला, असे म्हणणे होते. आम्ही तेव्हा पोरवयाचे होतो. माळ्यावर चढलो, खोकी उपसली, खोकल्याने जीव नकोसा झाला, पण त्या तारखेचा कागद सापडला. भज्यांतून वाचला होता. रेघ रात्रभर सरळ होती. चौकशी तिथेच संपली. युनियन म्हणजे काय हे आम्हाला त्या दिवशी कळले, आणि ते भाषणातून कळलेले नव्हते.

आता आजचा काळ. साठीच्या दशकात एमआयडीसीने ठाणे खाडीपलीकडचा हा पट्टा कारखान्यांसाठी आखला. आज त्याच पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे या बाजूला, फारशा खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. आत हजारो संगणक रात्रंदिवस चालतात आणि तापतात. ते थंड ठेवायला मोठाली वातानुकूलन यंत्रे आहेत. त्या यंत्रांपाशी रात्रपाळी करणारी मुले आपल्याच घणसोलीची, दिघ्याची, तुर्भे स्टोअरची आहेत. बहुतेक कंत्राटी. त्यांतली काही आमची सभासद आहेत.

या इमारतीत भिंतीवर गोल कागद नाही. तिथे पहारा करणारा एक प्रोग्राम असतो. ठराविक सेकंदांनी तो प्रत्येक यंत्राला विचारतो: बाबा, तुझे तापमान किती, डिस्क किती भरली, वीज किती खातोस? आलेला आकडा वेळेसकट लिहून ठेवतो. अशा प्रोग्रामांपैकी सर्वत्र वापरला जाणारा एक म्हणजे प्रोमिथियस. २०१२ साली साउंडक्लाउड नावाच्या कंपनीतल्या अभियंत्यांनी तो लिहायला घेतला, आणि पुढे तो सर्वांना फुकट खुला झाला. गुण पुष्कळ आहेत त्याच्यात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही काही सांगितले नाही, तर हा पहारेकरी पंधरा दिवसांचेच लक्षात ठेवतो. त्याहून जुने आकडे तो आपण होऊन टाकून देतो, कुणाला विचारीत नाही.

असल्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, दोन उन्हाळ्यांपूर्वी एप्रिलमध्ये रात्री दोनच्या सुमारास एका दालनाचे तापमान चढले. काही डिस्क गेल्या. त्या वेळी कोणी काही बोलले नाही. जुलैमध्ये गिऱ्हाईकाने नुकसानीचा दावा केला, तेव्हा वरपासून खालपर्यंत शोध सुरू झाला आणि शोध नेहमीप्रमाणे सर्वांत खालच्या पायरीवर येऊन थांबला. रात्रपाळीचा आमचा चोवीस वर्षांचा मुलगा. झोपला होता, सूचना वाजली तरी वर कळवले नाही, असा आरोप. कायम कामगार असता तर निलंबन झाले असते, निर्वाह भत्ता तरी मिळाला असता. हा कंत्राटी, म्हणून कंत्राटदाराने ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढेच सांगितले.

मुलाचे म्हणणे असे की, तीन नंबरचे थंड हवेचे यंत्र महिनाभर रोज रात्री दोनच्या सुमाराला बंद पडत होते, तो दर वेळी ते परत चालू करी, आणि ही गोष्ट त्याने सुपरवायझरला तोंडी सांगितली होती. हे खरे असेल तर रेघेवर दिसलेच पाहिजे: रोज रात्री दोन वाजता एक कंगोरा. आम्ही म्हटले, एप्रिलचे आकडे काढा. त्यांनी पडदा उघडला. पडद्यावर जुलैचे पंधरा दिवस होते, त्याच्या अलीकडे पांढरे.

आम्ही स्वभावाने संशयी. पहिला विचार हाच आला की यांनी पुसले. पुढे चौकशी करता समजले की कोणी पुसले नव्हते. पुसा असे कोणी म्हटलेही नव्हते. ठेवा असे कोणी म्हटले नव्हते, एवढेच. तो प्रोग्राम बसवला त्या दिवशी कोणीतरी एक रकाना रिकामा सोडला होता, आणि त्या रिकाम्या रकान्याने आमच्या मुलाच्या पाच महिन्यांच्या पगाराचा निकाल लावला. मालकाने डांबिसपणा केला असता तर आम्हाला लढायला बरे पडले असते, हे कबूल करतो.

एक कागद मात्र शिल्लक होता: वर पाठवलेला महिन्याचा अहवाल. त्यात रोजचे सरासरी तापमान दिले होते. त्या रात्रीच्या तारखेपुढे २४.६ अंश. ॲश्रे ही अमेरिकेतली अभियंत्यांची संस्था अशा दालनांसाठी १८ ते २७ अंश ही योग्य मर्यादा सांगते. म्हणजे कागदावर सगळे क्षेमकुशल! पण हिशेब करून पाहा. तेवीस तास २४ अंश आणि एक तास ३८ अंश. बेरीज ५९०, भागिले चोवीस, उत्तर २४.६. एक तासभर यंत्रे भाजून निघाली तरी सरासरीच्या अंगावर ओरखडा उठत नाही. आणि गंमत अशी की हीच सरासरी मुलाच्या विरुद्ध वापरली गेली: यंत्र नीट होते हे तर अहवालात दिसतेच, मग चूक माणसाचीच.

सरासरीचा हा खोटेपणा आम्हाला नीट कळला तो एका वेगळ्याच ठिकाणाहून. आपल्या जवळच नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिच्या कामाविषयी एकदा वाचनालयात वाचायला मिळाले आणि पुढे आम्ही त्याचा नादच घेतला. मुंबईत कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा निघाली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापे नियमाने घेतली जाऊ लागली, माणसांनी डोळ्यांनी वाचून, हाताने लिहून. साधारणपणे तासाला एक नोंद. पण काटा चंचल झाला की पंधरा मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनीही. १८५९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत सूर्यावरून आलेल्या वादळाने युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांचा धुव्वा उडवला. त्या वेळी कुलाब्याच्या माणसांनी नोंदी सोडल्या नाहीत. आकडे छापले गेले, कपाटात गेले. पुढे १४४ वर्षांनी, २००३ साली, भारतीय आणि परदेशी संशोधकांनी मिळून ते आकडे बाहेर काढले आणि त्या वादळाचा जोर किती होता हे जगाला सांगितले. कुलाब्याला चुंबकबळ सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेले होते.

आता ऐका. याच नोंदींची कोणी तासातासाची सरासरी काढली, तर तो खड्डा सुमारे ८५० चा होतो. म्हणजे जवळजवळ अर्धा. वादळ तेच, वही तीच, फक्त तासाची सरासरी काढली की अर्धे वादळ गायब. आमच्या दालनात तर दिवसाची सरासरी काढली होती!

त्याच वेधशाळेची आणखी एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकाच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवले. पण कुलाबा लगेच बंद केले नाही. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मापे घेतली, जुने आणि नवे जुळवून पाहिले, मग १९०६ साली कुलाबा थांबवले. आजकाल प्रोग्राम बदलताना जुना शुक्रवारी काढतात, नवा सोमवारी घालतात, आणि मधल्या शनिवार-रविवारबद्दल बोलायची सोय राहत नाही.

तर आम्ही मागणीपत्रात एक नवे कलम घातले: तापमान, वीज आणि यंत्रांची इतर मापे पुरेशा मुदतीपर्यंत जपावीत. वाटाघाटीला समोरून नेहमीचे उत्तर आले की जागा नाही, डिस्क महाग, तांत्रिक अडचणी आहेत. कायद्याचीही बाजू निघाली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला. त्यात डेटा सेंटरांसह सर्वांनी आपल्या संगणकव्यवस्थेचे लॉग १८० दिवस राखावेत असे आहे. आम्ही तो पुढे केला. ते म्हणाले, लॉग म्हणजे काय घडले त्याची नोंद, तापमान हे माप आहे, ते लॉग नव्हे. वकिली मुद्दा! पण अगदीच पोकळ नाही, हेही सांगितले पाहिजे. दरवाजा उघडला ही घटना झाली, खोली किती तापली हे माप झाले. आदेश लिहिणाऱ्यांच्या मनात पहिलेच असावे.

मग आम्ही जुन्या वह्यांचा दाखला दिला. १९३६ च्या वेतन कायद्यात १९६४ साली कलम घातले गेले होते की पगाराची व हजेरीची पुस्तके शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षे ठेवावीत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हा कामावरून काढलेल्या माणसाला लेबर कोर्टात थेट जायला तीन वर्षांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता अमलात आल्या आणि ती मुदत दोन वर्षांवर आली. तेही आम्हाला पटलेले नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. मुद्दा एवढाच की माणसाला दाद मागायला वर्षे दिली आहेत, आणि त्याचा एकुलता एक साक्षीदार पंधरा दिवसांत मरतो. या दोन मुदती एकमेकींना कधी भेटलेल्याच नाहीत. कायदे करणारे दिल्लीत बसले, प्रोग्राम लिहिणारे बर्लिनमध्ये.

कोंडी फुटली ती त्यांच्याच बाजूच्या एका तरुण अभियंता मुलीमुळे. बैठक आटोपल्यावर ती चहाच्या टपरीवर आली आणि म्हणाली, ‘‘काका, तुमचं कलम अर्ध्या पानाचं आहे. काम एका ओळीचं आहे.’’

‘‘एका ओळीचे काम असेल तर तुमचे साहेब तीन बैठका का खातात?’’

‘‘त्यांना ओळ माहीत नाही. आणि तुम्ही नेमके किती दिवस मागता हे तुम्हालाही माहीत नाही.’’

बोचले. पण खरे होते. ‘पुरेशी मुदत’ असे लिहिणारा मनुष्य स्वतःच विचार करायचा टाळतो. त्या टपरीवर तिने आम्हाला हिशेब शिकवला, तो तसाच तुमच्यापुढे ठेवतो.

प्रत्येक आकड्याला प्रोमिथियसमध्ये दाबून बसवल्यावर एक ते दोन बाइट जागा लागते. दोन धरा. पाचशे यंत्रे, प्रत्येकाची हजार मापे, दर १५ सेकंदांनी. दिवसाला होतात सुमारे पावणेसहा जीबी. पंधरा दिवसांचे ८६ जीबी. चारशे दिवसांचे सुमारे २,३०० जीबी, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या एका डिस्कवर मावतील एवढे. चारशेच का? वर्षाहून महिना जास्त, म्हणजे या मे महिन्याची गाठ मागल्या मे महिन्याशी घालता येते. उन्हाळ्यात यंत्र का दमते हे उन्हाळ्यालाच विचारावे लागते, जानेवारीला विचारून काय उपयोग?

मग तिने विचारले, ‘‘काका, कोर्टासाठी तुम्हाला खरोखर काय हवं?’’ आम्ही म्हटले, तापमान. त्या दालनात समजा दोनशे ठिकाणी तापमान मोजतात. दर १५ सेकंदांनी. एका दिवसाचे होतात सव्वादोन एमबीच्या आसपास. तीन वर्षांचे अडीच जीबी. बंधूंनो, अडीच जीबी! तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये लग्नाची क्षणचित्रे याहून जास्त असतील. तीन वर्षांतल्या प्रत्येक पंधरा सेकंदांची साक्ष त्यात मावते, सरासरी काढायची गरजच नाही. एका रोजगाराचे पाच महिने बुडाले ते असल्या बचतीपायी.

ओळ अशी. प्रोग्राम सुरू करताना त्याला ‘रिटेन्शन टाइम’ म्हणून मुदत सांगायची. तिथे १५ दिवसांऐवजी ४०० दिवस लिहायचे आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा. पण यात खाचखळगे आहेत, आणि ते तिने न विचारता सांगितले म्हणून तिच्याविषयी आमचा आदर वाढला. मुदत वाढवली म्हणून गेलेले परत येत नाही, आज वाढवलीत तर चारशे दिवस भरायला चारशे दिवसच लागतील. दुसरे असे की मुदतीबरोबर आकाराचीही मर्यादा घालता येते, आणि दोन्ही घातल्या तर जी आधी येईल ती लागू होते. कागदावर ४०० दिवस आणि बाजूला गुपचूप १०० जीबीची मर्यादा असेल, तर हातात जेमतेम सतरा-अठरा दिवसच राहतात. करार वाचताना युनियनच्या माणसाने हे दुसरे कलम आहे का ते आधी पाहावे. शिवाय एका प्रोमिथियसमध्ये सगळ्या मापांना एकच मुदत असते. तापमान तीन वर्षे आणि बाकीचे चारशे दिवस असे हवे असेल, तर तापमानासाठी निराळा छोटा प्रोमिथियस चालवावा लागतो. आणि सगळे एकाच डिस्कवर ठेवून ती डिस्कच गेली, तर मुदत कितीही लिहा. म्हणून अधूनमधून नक्कल दुसरीकडे ठेवायची.

जागा खरोखरच कमी असेल तिथे काय? तिथे जुन्या काळाची सरासरी ठेवावी लागते, त्याला इलाज नाही. स्वित्झर्लंडचे टोबियास ओएटिकर यांनी १९९९ साली आरआरडीटूल काढले, ते याच तत्त्वावर चालते. त्याची डबी ठरलेल्या मापाची असते, कधी मोठी होत नाही, नवे येते तसे जुने आवळले जाते. पण त्यांनीही सोय ठेवली आहे की नुसती सरासरी न ठेवता सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडाही ठेवता येतो. झॅबिक्स तर तासातासाचे तिन्ही आपण होऊन ठेवते. त्या रात्रीच्या अहवालात सरासरीशेजारी ‘सर्वांत जास्त’ असा एक रकाना असता, तर त्यात ३८ दिसले असते.

आता आमच्याच घरातले भांडण सांगतो. कलम घेऊन आम्ही सभासदांच्या सभेत गेलो. टाळ्या मिळतील अशी कल्पना होती. साफसफाई खात्यातल्या एक बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘‘भाऊ, मशीनचं तीन वर्षं ठेवा, दहा वर्षं ठेवा. पण आम्ही किती वेळा बाथरूमला गेलो, कार्ड कितीदा दाखवलं, तेही तीन वर्षं ठेवणार का?’’ सभा एकदम शांत झाली. आम्ही फायरमनच्या कागदाच्या आठवणीत रमलो होतो. कागदावर वाफेची रेघ होती, माणसाची नव्हती, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. जी वही कामगाराला वाचवते तीच त्याच्या मागे लागू शकते.

म्हणून कलम दोन तुकड्यांत लिहिले. यंत्राची मापे लांब मुदतीची. माणसाच्या येण्याजाण्याची नोंद कमीत कमी मुदतीची, आणि काम संपले की पुसायची. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचेही तत्त्व असेच आहे की हेतू संपला की माहिती राखू नये. पण सीमारेषा वाटते तितकी सरळ नाही. सूचना वाजली आणि कोणी ती पाहिली, तर पाहणाऱ्याचे नाव त्या नोंदीत येते. ते यंत्राचे की माणसाचे? आमच्या मुलाला वाचवायला तेच नाव हवे होते. दुसऱ्या कुणाला अडकवायलाही तेच नाव पुरेल. कमिटीत यावर अजून दोन तट आहेत, आणि आम्ही स्वतः कोणत्या तटात हे दर आठवड्याला बदलते.

मुलाचे काय झाले, असे समोरून एका भगिनींनी चिठ्ठी पाठवून विचारले आहे. त्याच्याजवळ एक खिशातली डायरी होती. रोज रात्री किती वाजता यंत्र बंद पडले, तापमान किती दिसले, हे तो पेन्सिलीने लिहीत असे. का लिहीत होतास विचारले तर म्हणाला, ‘‘झोप येऊ नये म्हणून.’’ चौकशीत ती डायरी मान्य झाली नाही, स्वतःच्या हाताची साक्ष म्हणून. पण ती पाहून समोरच्या अधिकाऱ्यांचा सूर मवाळ झाला. तडजोड झाली. मुलगा कंत्राटदाराच्या दुसऱ्या जागेवर कामाला लागला. गेलेले पाच महिने गेले.

कलमावर सही मागल्या पावसाळ्यात झाली. परवा आम्ही तिथे गेलो होतो. त्या अभियंता मुलीला म्हटले, सर्वांत जुना आकडा कोणत्या तारखेचा दिसतो ते दाखव. तिने पडदा मागे मागे सरकवला. दिवाळी आली, दसरा आला, गणपती आले. सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट आली आणि तिथे रेघ सुरू झाली होती. तीन नंबरचे यंत्र आता रात्री दोनला बंद पडत नाही. ते सकाळी सहाला पडते. आम्ही तारखा लिहून घेतल्या आहेत.